मुरमाच्या वाटेनं द्राक्षशिवारात: नाशिकला गाड्यांपासून दूर ग्रॅव्हल सायकलिंग कसं करावं

नाशिकला वाइनरी बघायला येणारे बहुतेक लोक गंगापूर रोडनं गाडीत बसून येतात, शनिवार-रविवारच्या गर्दीत अडकतात आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत जातात. त्याच रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पाटाच्या कडेनं, पाणंदीतून, बागांच्या मधून कच्च्या वाटा गेल्या आहेत. तिथे बराच वेळ गेला तरी एखादा ट्रॅक्टर, एखादी दुधाची मोटारसायकल, एवढीच वर्दळ. डांबर सोडून अशा मुरूम-खडीच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवणं म्हणजेच ग्रॅव्हल सायकलिंग. ज्वालामुखीच्या खडकावर वाढलेला द्राक्षपट्टा आणि त्यातून जाणाऱ्या मोकळ्या मुरमाड वाटा शोधायला लोक इटलीत एटना ज्वालामुखीच्या उतारावर जातात. आपल्याकडे हे दोन्ही आहे, फक्त कुणी पाट्या लावून ठेवलेल्या नाहीत.

पाट्या नाहीत ही गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. सायकलसाठी राखून ठेवलेला मार्ग इथे नाही. इथली प्रत्येक कच्ची वाट कुणाच्या तरी रोजच्या कामाची आहे: बागेत फवारणी न्यायची, क्रेट बाहेर काढायचे, पाटाचं दार उघडायला जायचं. त्या कामाचं वेळापत्रक ज्याला कळतं त्याला नाशिकचा द्राक्षपट्टा वर्षातले कित्येक महिने मोकळा मिळतो. ज्याला कळत नाही तो फवारणीच्या ढगात, चिखलात किंवा कुणाच्या तरी अंगणात जाऊन थांबतो.

आधी खालची जमीन ओळखा

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला आणि थरावर थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. रामशेजचा सपाट माथा आणि ताठ कडे, पांडवलेण्यांचा डोंगर, दिंडोरीकडे जाताना दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या, हे सगळं त्याच बेसॉल्टचं, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचं आहे. सायकलस्वाराला यातला कामाचा भाग म्हणजे या पाषाणाची झीज. तो झिजला की आधी मुरूम होतो, आणखी झिजला की काळी माती.

कालव्यासाठी जिथे टेकडी कापली आहे तिथे थांबून त्या कापाकडे जवळून बघा. वर हातभर काळी माती, तिच्या खाली पिवळट-तपकिरी मुरूम, आणि मुरमात रुतलेले गोल गोटे. गोट्यावर नखानं खरवडलं तर कांद्यासारखे पापुद्रे सुटून येतात. आतला गाभा मात्र निळसर काळा आणि घणालाही दाद न देणारा. कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड होऊन झिजायला लागला आणि मग वरचा लाव्हा आला, मधे गेलेल्या काळाची ती खूण. हे बघितलं की चाकाखाली काय येणार आहे याचा अंदाज दुरूनच बांधता येतो.

मुरूम ही सायकलची सगळ्यात आवडती जमीन. पाणी झिरपून जातं, दाबून घट्ट बसतो, टायर धरून ठेवतो. रंग पिवळट किंवा तांबूस. काळी माती कोरडी असताना सिमेंटसारखी टणक आणि पाऊस पडला की चाकाला अशी लपेटते की दहा-वीस फेऱ्यांत सायकल जागची हलत नाही. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोरीत जो फुफाटा साचतो तो वरून मऊ दिसतो, पण आत खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. त्यात हँडल सैल धरा, वजन मागे घ्या, पायडल मारत राहा, पुढचा ब्रेक विसरा. ओढ्याच्या उताराला सुटे गोटे असतात, तिथे उतरून चालण्यात काही कमीपणा नाही. सगळ्यात वैतागवाणी असते ती नव्यानं अंथरलेली, अजून रोलर न फिरलेली खडी. तिच्या धारदार कडा टायरची बाजू फाडतात. अशी खडी दिसली की कडेची मातीची पट्टी धरा.

निफाडकडे गोदाकाठाला काळ्या, खोल जमिनी जास्त. दिंडोरीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी जमीन हलकी आणि मुरमाड होत जाते. द्राक्षाच्या मुळांनाही पाणी साचून राहिलेलं चालत नाही, त्यामुळे निचऱ्याच्या जमिनीवर बाग चांगली आणि सायकलही चांगली. नवख्यानं सुरुवात दिंडोरीच्या बाजूनं करावी असं मी म्हणतो ते यासाठीच.

महिना बागेला विचारून ठरवा

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही आणि वर्षातून दोनदा छाटला जातो. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळछाटणी, आणि साधारण जानेवारी ते मार्च काढणी. सायकलचं कॅलेंडर यावरच बसवायचं.

जून ते सप्टेंबर पावसाचा. काळ्या शिवारात पाऊलही टाकू नका. मुरमाड वाटा मात्र पावसानं उघडीप दिली की लवकर वाळतात, आणि गिरणारे-वाघेऱ्याकडचा हिरवा डोंगर बघायचा तर हेच दिवस. जोराचा पाऊस झाल्यावर मुरमाला निदान एक ऊन, काळीला दोन-तीन ऊन लागतात, हा हिशोब डोक्यात ठेवा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हवा सुंदर असते, पण फवारणीही सगळ्यात जास्त याच काळात. फळछाटणीनंतर डाउनी आणि भुरी या दोन रोगांशी शेतकऱ्याची रोजची लढाई सुरू होते, आणि ढगाळ हवा आली की फवारा आणखी वाढतो. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी असतं, आणि शरीरात गेल्यावर त्यात मद्याची भर पडली तर त्रास फार वाढतो. नुकत्या छाटलेल्या वेलीला हात लावून फोटो काढायचा आणि पुढे वाइनरीत जाऊन बसायचं, हा बेत म्हणून धोक्याचा. या महिन्यांत बागांच्या मधून जाण्याऐवजी कालव्याच्या वाटा निवडाव्यात.

माझ्या मते सगळ्यात चांगला काळ डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. घड भरलेले, हवा कोरडी, वाटा दाबून बसलेल्या. थंडीला कमी लेखू नका. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि कालव्याच्या कडेला पहाटेचं धुकं दाट असतं. काढणी सुरू झाली की पिकअप आणि क्रेट भरलेले ट्रॅक्टर सकाळपासून पाणंदीत असतात. अशा वेळी वाट त्यांची. खाली उतरा, सायकल कडेला घ्या, त्यांना जाऊ द्या. द्राक्षाला धूळ चालत नाही, म्हणून भरल्या बागेशेजारी वेग कमी ठेवा.

मार्चनंतर ऊन चढतं. एप्रिलच्या खरड छाटणीत कापलेल्या काड्या वाटेवर पसरलेल्या असतात आणि त्यांची तिरपी कापलेली टोकं टायरमध्ये घुसतात. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत घरी.

सायकल आणि सामान

ग्रॅव्हल बाइकच हवी असं नाही. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर बसेल अशी कुठलीही सायकल चालते, आणि साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक असेल तर फुफाट्यात तीच जास्त सुखाची. हायब्रिडला अडतीसपर्यंतच टायर बसत असेल तर कालव्याच्या वाटा करा, ओढ्यांचे उतार सोडा. रोड बाइकनं या वाटांना जाऊ नये.

खरा प्रश्न काट्यांचा आहे. बाभळीचा काटा आणि सराटा हे दोन या शिवाराचे मालक. सराटा वाटेच्या कडेला जमिनीलगत पसरतो, पिवळी इवली फुलं असतात, आणि त्याची वाळलेली फळं कशीही पडली तरी एक काटा वर राहतोच. म्हणून ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, ही या भागात चैन नाही. आपल्या हवेत सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी टायरला कान लावून हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली पाहिजे. ट्यूबच वापरत असाल तर दोन जादा ट्यूब, पॅच, आणि बारीक चिमटा घ्या. तुटलेला काटा टायरच्या आतच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. हवा किती भरायची? सत्तर किलोच्या माणसाला चाळीस मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये मुरमावर ३० ते ३५ पीएसआय पुरते, ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर गोट्यावर आपटून ट्यूब चिमटते.

बाकी सामान नेहमीचंच: चेन जोडायची कडी, मल्टिटूल, पंप. त्यात एक चपटी लाकडी काडी टाका, चाक आणि फ्रेमच्या मधली काळी माती काढायला तिच्यासारखं हत्यार नाही. गळ्याभोवती सुती रुमाल, धूळ आणि फवारा दोन्हींसाठी. पाण्याच्या बाटल्यांना झाकण असलेलं तोंड हवं.

मुंबईहून येणाऱ्यांना रेल्वे सोयीची आहे. पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडला थांबते, आणि पार्सल कार्यालयात नोंद करून सायकल ब्रेक व्हॅनमधून आणता येते. त्यासाठी गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनवर पोचा आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, कापडात गुंडाळा. सायकल दुरुस्तीची चिंता नको. २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे बंधू याच शहरातले, आणि इथे सायकलवाल्यांची जमात मोठी आहे. चांगलं दुकान कुठलं ते पहाटे गंगापूर रोडला भेटणारा कुणीही सायकलस्वार सांगेल.

नकाशावर वाट विणणं

हे काम घरी, निवांत, एका संध्याकाळी करायचं. सगळ्या बेताचा जीव इथे आहे.

पहिल्यांदा उपग्रह नकाशा उघडा आणि कालवे शोधा. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव या गावांच्या शिवारातून जातो. दिंडोरी तालुक्यात करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, तिसगाव अशी धरणं जवळजवळ आहेत आणि त्यांच्या कालव्यांचं जाळं द्राक्षपट्ट्यातून पसरलं आहे. कालवा किलोमीटरमागे अगदी थोडाच उतरतो, म्हणून तो टेकडीला वळसे घालत एकाच उंचीवरून जातो आणि त्याच्या काठची वाटही तशीच सपाट राहते. बहुधा एकाच काठावर गाडी जाईल एवढी वाट असते, दुसऱ्या काठावर झाडी. कुठला काठ ते उपग्रह चित्रात स्पष्ट दिसतं.

मग कालव्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा बघा. दोन समांतर रेषा दिसल्या तर ट्रॅक्टर जातो. एकच बारीक रेषा असेल तर पायवाट. वाट विहिरीपाशी, शेततळ्यापाशी किंवा घराच्या छपरापाशी संपत असेल तर ती खासगी, सोडून द्या. दोन्ही टोकं डांबरी रस्त्याला किंवा दुसऱ्या गावाला भिडली पाहिजेत. वाट ओढा ओलांडते तिथे मोठं करून बघा, फरशी पूल आहे की नुसतं पात्रात उतरून चढायचं आहे.

यानंतरची पायरी बहुतेक सायकलवाले गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गावाचा नकाशा उघडा. गट क्रमांकांच्या मधून जाणारे गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाटा एकेरी तुटक रेषेनं दाखवलेल्या असतात. उपग्रह चित्रातली वाट आणि या नकाशातली वाट जुळली तर ती गावाची सार्वजनिक पाणंद. जुळली नाही तर ती बहुधा कुणाच्या तरी बांधावरून पडलेली वहिवाट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात, पण तो शेजारच्या शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. त्यावरून दोन भावांत वर्षानुवर्षं दावे चालतात. अशा वाटेवरून दहा सायकली गेल्या तर आपण कुणाच्या भांडणात शिरतोय याचा पत्ताही लागत नाही. म्हणून पाणंद आपली, बांध त्यांचा.

पाणंदींची संख्या वाढते आहे ही चांगली बातमी. २०२१ साली सुरू झालेल्या ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ योजनेमुळे अतिक्रमणात बुजलेल्या जुन्या वाटा मोकळ्या करून त्यांवर मुरूम-खडी टाकण्याची कामं गावोगाव निघाली. दोन वर्षांपूर्वीच्या उपग्रह चित्रात काटेरी झुडपं दिसत असतील तिथे आज सुरेख वाट असू शकते.

कालव्याचा काठ मात्र जलसंपदा विभागाचा. तो देखरेखीसाठी आहे. फाटक बंद असेल किंवा मनाईची पाटी असेल तर वळा. धरणाच्या भिंतीवर जायचा बेतच आखू नका. वाघाडच्या लाभक्षेत्रात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी उभ्या केलेल्या कामातून तिथे पाणीवापर संस्था तयार झाल्या, आणि पाण्याचं वाटप शेतकरी स्वतः बघतात. तिथल्या चारीवर भेटणारा माणूस नुसता वाटसरू समजू नका, पाण्याची पाळी सांभाळणारा तोच असतो. त्याला विचारून पुढे जायचं.

शेवटी अंतर. डांबरावर तुमचा वेग ताशी वीस असेल तर इथे बारा-चौदा धरा. पहिल्या दिवशी पस्तीस-चाळीस किलोमीटर पुष्कळ झाले. दर चार-पाच किलोमीटरला डांबरी रस्त्यावर निसटायची एक जागा नकाशावर खूण करून ठेवा. मार्ग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, डोंगराच्या आड रेंज जाते.

वाटेवर

वाट विचारायची एक रीत आहे. “पुढे रस्ता आहे का?” असं विचारलं की उत्तर हमखास “आहे ना” असंच येतं, कारण सांगणाऱ्याला तो पायी जायचा रस्ता दिसत असतो. “दादा, पलीकडे ट्रॅक्टर निघतो का?” असं विचारा. निघत असेल तर तुम्हीही निघता. निघत नसेल तर ते दुसरी वाट सांगतात, बहुतेक वेळा बरोबर चहाही येतो. आधी “राम राम” म्हणा, सायकलवरून उतरून बोला, हेल्मेट आणि गॉगल काढा. वस्तीवर बाई माणूस एकटी असेल तर “मावशी” म्हणून लांबूनच विचारा आणि पुढे व्हा.

बागेच्या टोकाला जपा. द्राक्षाच्या मांडवाला ताण देणाऱ्या तारा ओळीच्या शेवटी तिरप्या खाली येऊन जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधलेल्या असतात. गंजलेली तार मातीच्या रंगाची होते आणि तिरप्या उन्हात अजिबात दिसत नाही. वळणावर बागेला चिकटून जाणाऱ्याचा गुडघा किंवा हँडल तिच्यात अडकतं. ओळी संपतात तिथून हातभर नव्हे, चांगलं दीड-दोन मीटर लांब राहा.

फवारणीच्या ब्लोअरचा आवाज ओळखायला शिका, ट्रॅक्टरच्या धडधडीवर चढणारी मोठ्या पंख्याची घरघर. ऐकू आला की वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. ओळ संपून ट्रॅक्टर वळला की चालक हात करतो, मग जा. फवारा अंगावर आलाच तर बाटलीचं तोंड धुतल्याशिवाय पाणी पिऊ नका.

तहान कितीही लागली तरी ठिबकच्या नळीला तोंड लावू नका. त्याच नळीतून खतं सोडलेली असतात. वेलीवरचा घड तोडून खाऊ नका. तो दुसऱ्याचा आहे हे तर झालंच, शिवाय फवारणी आणि काढणी यांत ठराविक दिवस जावे लागतात आणि ते गेलेत की नाही हे फक्त बागायतदाराला ठाऊक असतं. निर्यातीच्या बागा ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर नोंदलेल्या असतात आणि त्यांच्या मालात फवाऱ्याचे अवशेष उरलेत का याची तपासणी होते. अशा बागेत परकं माणूस शिरलेलं कुणालाच आवडत नाही. द्राक्षं खायची असतील तर विकत मागा, काढणीच्या दिवसांत बांधावरच पाटीभर मिळतात आणि त्यांची चव बाजारात येत नाही.

पाण्याचे दोन धोके जिवावरचे आहेत. कालव्याला आवर्तन सुटलेलं असताना पाणी काठोकाठ आणि दिसतं त्याहून वेगात असतं. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजूवर शेवाळ असतं, आत पडलेल्याला बाहेर येता येत नाही. पाण्याच्या बाजूनं सायकल चालवू नका, आणि एकमेकांना ओलांडायचं असेल तर उतरून ओलांडा. शेततळ्याचंही तेच. प्लास्टिकच्या उतारावरून हात धुवायला खाली उतरलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. कुंपणाच्या आत जाऊच नका.

आणि वेळ. निफाड-दिंडोरीच्या उसात बिबट्या राहतो. उजाडल्यावर निघा, मावळायच्या आत डांबरावर या, उसाच्या दोन फडांमधल्या बोळात एकट्यानं थांबू नका. वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर उतरा, सायकल मधे धरा, चालत राहा. पळणाऱ्या चाकामागेच ती लागतात.

तीन वाटांचे सांगाडे

*पहिली, हात बसवायला.* मखमलाबादहून गंगापूर डाव्या कालव्याच्या बाजूनं म्हसरूळ आणि पुढे आडगावच्या दिशेनं. चढ-उतार जवळपास नाही, शहर कायम हाताशी, आणि वाटेत पेठ रोड व दिंडोरी रोड ओलांडावे लागतात. हे दोन रस्ते पायी ओलांडा, वाहनं वेगात असतात. जिथे काठ बुजलाय किंवा बांधकाम आलंय तिथे गावातल्या रस्त्यानं वळसा घालून पुन्हा काठाला या. म्हसरूळला वेळ असेल तर चामर लेणीच्या टेकडीकडे वर बघा, ती कोरलेली आहे त्या पाषाणाचाच मुरूम तुमच्या चाकाखाली आहे.

*दुसरी, वाइनच्या वेलींतून.* गोवर्धन, गंगाव्हरे, सावरगाव आणि पुढे गिरणारे. १९९९ साली राजीव सामंत यांनी सुरू केलेली सुला इथलीच. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाइनरींची संख्या वाढली, सोमा आणि यॉर्क याच रस्त्याला आहेत. मुख्य रस्ता डांबरी आणि सुटीच्या दिवशी गजबजलेला, म्हणून ही फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी करा किंवा सकाळी नऊपर्यंत आटपा. कच्च्या वाटा डाव्या-उजव्या हाताला फुटतात. वाइनची बाग लांबून ओळखता येते. खायच्या द्राक्षांच्या वेली डोक्याच्या उंचीवर ‘वाय’ आकाराच्या आधारावर किंवा मांडवावर पसरलेल्या असतात आणि घड खाली लोंबतात. वाइनच्या बऱ्याच बागांत वेली उभ्या तारांवर भिंतीसारख्या सरळ चढवलेल्या, घड खालच्या बाजूला एका ओळीत, आणि दोन ओळींमधून पलीकडचा डोंगर दिसतो. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबर्ने ही त्यांतली नेहमीची नावं. फेब्रुवारीनंतर गंगापूर धरणाचं पाणी मागे सरकतं आणि काठाला मोठं सपाट मैदान उघडं पडतं. सायकल घालायचा मोह होतो, पण तिथे शेतकऱ्यांनी गाळपेर केलेली असते. पीक दिसो न दिसो, उतरू नका. मुक्कामाला पर्यटन महामंडळाचं ग्रेप पार्क रिसॉर्ट याच काठाला आहे.

*तिसरी, पूर्ण दिवसाची.* दिंडोरी, मोहाडी, जानोरी, पालखेड. नाशिकहून दिंडोरी पंचवीस किलोमीटरच्या आसपास, आणि तो रस्ता वर्दळीचा, म्हणून सायकल गाडीवर टाकून दिंडोरीपर्यंत नेलेली बरी. इथून पुढे पाणंदींचं जाळं आहे आणि नकाशावर घेतलेली मेहनत इथे फळाला येते. मोहाडीला ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी आहे, हंगामात निर्यातीचा माल कसा हाताळला जातो त्याचा अंदाज बाहेरच्या लगबगीवरूनच येतो. पालखेडला कादवा नदीवरचं धरण आणि तिथून निघणारा डावा कालवा थेट निफाड-येवल्याकडे जातो. दोन दिवस हातात असतील तर त्या दिशेनं पूर्वेला सरकत नांदूरमध्यमेश्वर गाठा. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा पाणथळ भाग २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला, आणि हिवाळ्यात तिथे पक्ष्यांसाठी दुर्बीण हवीच. या टप्प्यात जमीन काळी आणि सपाट होत जाते, पावसाची शक्यता असेल तर हा बेत रद्द करा. आग्रा महामार्ग फक्त खालच्या बोगद्यातून किंवा पुलावरून ओलांडा, त्याच्या कडेनं एक किलोमीटरही चालवू नका.

वाइनरीत थांबताना

चव घेणं दिवसाच्या शेवटाला ठेवा, सायकल मुक्कामी लावून. मुरमाच्या उतारावर हात आणि नजर दोन्ही ताळ्यावर लागतात, उन्हात पाणी कमी झालेल्या शरीराला एक पेलाही जास्त होतो. टेस्टिंगची आणि आत फिरून बघायची वेळ आधी फोन करून घ्या. जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं आत येतानाची गडबड बघायला मिळते, तेव्हाच जाण्यात मजा. धुळीनं माखलेले बूट दाराशी झटका, जमलं तर एक स्वच्छ शर्ट सोबत ठेवा.

खाण्याचा प्रश्न नाशिकला येतच नाही. सकाळी मिसळ, गिरणाऱ्याच्या बाजूला हंगामात टोमॅटोच्या गाड्यांच्या गर्दीत चहा-भजी, आणि वस्तीवर कुणी जेवायला थांबवलं तर थांबा. पैसे देऊ केले तर वाईट वाटतं, त्यापेक्षा घरातल्या मुलांना सायकलवर एक चक्कर मारू द्या.

परतल्यावर

सायकल त्याच दिवशी धुवा. बागांमधून गेलेल्या टायरवर माती आणि फवाऱ्याचा अंश दोन्ही असतं. हात, बाटल्या आणि हातमोजे साबणानं, कपडे घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे. टायरमध्ये अडकलेले काटे उजेडात बघा. ट्यूबलेस असेल तर सीलंटची बाटली हाताशी ठेवून एकेक काटा उपसा, ट्यूब असेल तर उपसल्यावर रात्रभर ठेवून सकाळी हवा तपासा.

मार्ग इतरांना देण्याआधी त्यातून वस्तीच्या अंगणातून गेलेला, कुणी आपुलकीनं “जा इथून” म्हणून दाखवलेला तुकडा कापून टाका. ती परवानगी तुम्हाला होती, मार्गाची जीपीएक्स (जीपीएस नोंदीची) फाइल उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला नव्हती. कुठला काठ बुजलाय, कुठल्या पाणंदीत नवी खडी पडलीय, कुठल्या गावानं नको म्हटलंय, एवढं मात्र फाइलसोबत महिना लिहून नक्की द्या. पुढच्या हंगामात वाट बदललेली असेल, आणि निघायच्या आधी नकाशा पुन्हा एकदा बघावा लागेल.